लेकीचा आवाज

माझी मुलगी ज्या शहरात नोकरी करते तिथे क्षेपणास्त्रं पडायला लागली, हे मला समोरच्या घरातल्या बाईंनी सांगितलं. सकाळचे साडेसात वाजले होते. मी गेटपाशी दुधाची पिशवी घ्यायला गेले होते, आणि त्या गच्चीवरून वाकून म्हणाल्या, "भाभीजी, आपकी बिटिया तो वहीं है न? वहाँ तो सब जल रहा है." त्यांच्या हातात मोबाइल होता. तो त्यांनी माझ्याकडे वळवून धरला, जसं काही मला खालून त्यातलं दिसणार होतं.

मी घरात आले तर हे टीव्हीसमोर उभे. हातात फोन, तोही चालू. दोन्हीकडून एकच बाई ओरडत होती, टीव्हीतली जरा पुढे आणि फोनमधली जरा मागे. मी म्हटलं, "तिला फोन लावलात का?" त्यांनी मान हलवली. ते बघण्यात होते. लावायचं सुचलंच नव्हतं.

मुलगी वीस मिनिटांनी सापडली. "मी ठीक आहे आई. आमच्यापासून बरंच लांब पडलं. मी आंघोळीला चाललेय, ड्यूटी आहे." एवढंच बोलणं झालं. मी देवापाशी दिवा लावला आणि पोहे भिजवले, कारण दुसरं काय करायचं ते मला कळेना.

ती चौतीस वर्षांची आहे. फिजिओथेरपिस्ट. आखातातल्या एका खाजगी हॉस्पिटलात पाच वर्षं काम करते, एकटीच राहते. आम्ही दोघं इथे उज्जैनला, नानाखेड्याच्या बस स्टँडपासून चालत दहा मिनिटांवरच्या कॉलनीत. माझे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी साताऱ्याकडून आले, यांचं घराणं मात्र शिंद्यांच्या वेळेपासून इथलंच. आमच्या घरातली मराठी निम्मी हिंदी आहे आणि त्याचं आम्हाला काही वाटत नाही. मी माधव नगरातल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. हे टेलिफोन खात्यात होते. सुरुवातीची कितीतरी वर्षं ट्रंक एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून लोकांचे परगावचे कॉल जोडत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीनं मला नीट फोन केला. "आई, एक काम कर. ते व्हिडिओ बिलकुल बघू नकोस. मी इथे राहते आणि मला माहीत नसतं कुठे काय पडलंय, पण इंदूरच्या आत्याला माहीत असतं. त्यातलं निम्मं खोटं असतं, नाहीतर जुनं. मी सकाळी ड्यूटीवर जाताना मेसेज करीन, संध्याकाळी घरी आल्यावर करीन. मधे काही आलं नाही म्हणजे मी कामात आहे. मला सध्या माझी काळजी घ्यायचीय. तुझी पण घ्यायला लावू नकोस." असं म्हणून ती हसली. मला ते हसणं ऐकून बरं वाटलं.

मी तिचं ऐकलं. शाळेत चौतीस वर्षं मुलींना सांगत आले होते की परीक्षेच्या सकाळी इतरांची वही उघडून बघू नका, जे आपल्या हातात नाही ते डोक्यात भरू नका. आता स्वतःला सांगायची वेळ आली होती. फोनमधून व्हिडिओचे सगळे प्रकार काढून टाकले. घरच्यांचा एक ग्रुप आहे, चाळीस-एक लोकांचा, त्याचा आवाज बंद केला. सकाळचा तिचा मेसेज आला की फोन बंद करून साड्यांच्या कपाटात ठेवायचा आणि तिची संध्याकाळची वेळ झाली की काढायचा. पेपर दुपारी एकदा वाचायचा, पहिलं पान आणि बस. टीव्ही लागला की मी मागच्या अंगणात जायची. गहू निवडले, गाद्यांना ऊन दिलं, पडद्यांच्या शिवणी उसवल्या आणि परत घातल्या.

पहिल्या आठवड्यात मान आखडलेली असायची, घास तोंडात फिरायचा. दुसऱ्या आठवड्यात जेवण जायला लागलं. रात्री पाच तास झोप लागायला लागली. मुलीचे दोन मेसेज वेळेवर येत होते. मला वाटलं, मी हे निभावून नेईन.

पण आईनं जेवावं आणि झोपावं, हे लोकांना आवडत नाही. बागेत चालायला येणाऱ्या बायका मला बघून बोलणं थांबवायच्या. एक म्हणाली, "आप तो बड़ी मज़बूत हैं." मी वळून पुढे गेले तेव्हा तिचंच मागून ऐकू आलं, "माँ है कि पत्थर." यांच्या थोरल्या बहिणीचा, माझ्या वन्संचा, इंदूरहून दर दोन दिवसांनी फोन. "तुला बरं जमतं गं. माझ्या तर घशाखाली घास उतरत नाही." घास उतरत नव्हता, पण ग्रुपवर दिवसाला वीस व्हिडिओ त्यांच्याकडूनच उतरत होते. पेटलेल्या इमारती, पळणारी माणसं, कुणाचं तरी लहान मूल. खाली हात जोडलेले आणि आमच्या मुलीसाठी प्रार्थना.

यांचं निराळंच चाललं होतं. हे मी कडवटपणानं लिहितेय हे मला कळतंय, पण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं मला लिहिता येत नाही.

रिटायर झाल्यापासून यांना कुणी विचारत नव्हतं. संध्याकाळी बागेबाहेरच्या बाकावर चार जण बसायचे, त्यात हे टोकाला. यांनी काही बोलायला सुरुवात केली की कुणीतरी चहा सांगायला उठायचं. लढाई सुरू झाली आणि आठ दिवसांत हे बाकाच्या मधोमध आले. "बाबूजी, आज क्या अपडेट है?" कॉलनीतली माणसं गेटवर थांबून विचारायला लागली. यांनी क्षेपणास्त्रांची नावं पाठ केली. जुन्या कॅलेंडरच्या मागे नकाशा काढला आणि त्यात मुलीच्या हॉस्पिटलवर लाल फुली केली. पहाटेपासून फोन डोळ्यांसमोर. डोळे लाल, ब्लडप्रेशर वाढलेलं. मी जबरदस्तीनं फ्रीगंजमधल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "गोली दे रहा हूँ, पर असली दवा ये है कि मोबाइल बंद रखिए." यांनी डॉक्टरांना दहा मिनिटं परिस्थिती समजावून सांगितली. बाहेर पेशंट ताटकळले होते.

मुलीनं यांनाही सांगितलं होतं, बाबा, नका बघू. हे तिला हो म्हणायचे आणि मग तिलाच विचारायचे, "काल अमुक ठिकाणी पडलं ते तुझ्या घरापासून किती लांब?" एकदा तर ती म्हणाली, "बाबा, मला माहीतच नव्हतं तिथे पडलंय." त्यानंतर ती यांना कमी फोन करायला लागली. मला करायची.

मग एक दिवस गावातला एक चॅनेलवाला आला. चॅनेल म्हणजे मोबाइल, त्याचं स्टँड आणि हातात माइक. यांनी इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातला. गेटपाशी तुळशीच्या शेजारी उभं राहून यांची मुलाखत झाली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. त्या माणसानं विचारलं, "एक पिता के दिल पर क्या बीत रही है?" आणि हे रडायला लागले.

ते रडणं खोटं नव्हतं. तेच मला सहन झालं नाही. यांची आई गेली तेव्हा हे माझ्यासमोर रडले नाहीत. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा रडले नाहीत, दार लावून बसले. आणि आज माइकसमोर डोळ्यांतून घळाघळा पाणी. तो माणूस गेल्यावर मी म्हटलं, "अडतीस वर्षं नोकरी केलीत. हजार लोकांची बोलणी तुमच्या कानांवरून गेली, घरी एक शब्द आणला नाहीत. आता स्वतःच्या मुलीचं सगळं गेटवर उभं राहून सांगताय."

"मग काय तुझ्यासारखं डोळे मिटून बसू?" हे म्हणाले. "लोक काळजीनं विचारतात."

"लोक मजा बघतात."

"तुला माणसांची किंमतच नाही," असं म्हणून हे चपला घालून बाहेर गेले. बाकावर सगळे वाट बघत असतील.

तिसऱ्या आठवड्यातला दिवस. दुपारचे अडीच वाजले होते. हे आतल्या खोलीत आडवे झाले होते. दारात गॅसचं सिलिंडर घेऊन माणूस आला. त्याला फोनवर आलेला नंबर सांगावा लागतो, त्याशिवाय तो सिलिंडर देत नाही. म्हणून मी कपाटातून फोन काढला आणि चालू केला. गॅसचा नंबर आला होता. त्याच्या वर मुलीचे पाच कॉल येऊन गेल्याचं दिसत होतं. आणि एक आवाजाचा मेसेज, चार मिनिटांचा.

मी गॅसवाल्याला नंबर सांगितला, दोनदा चुकीचा सांगितला. तो सिलिंडर ठेवून गेला. मग मी मागच्या अंगणात गेले आणि ते ऐकलं.

"आई, फोन उचल ना," अशी सुरुवात होती. मागे कुणीतरी धावत होतं, लोखंडी दारं आपटत होती. ती म्हणत होती, दोनदा मोठा आवाज झाला, खिडक्या हलल्या. पेशंटना खाली नेलंय, मी जिन्यात बसलेय. आमचा सुपरवायझर सगळ्यांच्या आधी खाली पळाला आणि आम्ही व्हीलचेअर ओढत होतो. मी सगळ्यांना सांगते घाबरू नका, घाबरू नका, आणि आई, माझे कपडे ओले झाले. मी चौतीस वर्षांची आहे आई. मला उठता येत नाहीये, कुणाला दिसेल म्हणून. मग बराच वेळ नुसतं रडणं. मग म्हणाली, तेव्हा लग्न केलं असतं तर आत्ता उज्जैनलाच असते ना मी, नाहीतर पुण्याला. मी चुकले का गं? आणि सगळ्यात शेवटी, जरा सावरून, "हे बाबांना सांगू नकोस. ते गावभर करतील."

मी लगेच फोन लावला. चार वेळा लावल्यावर लागला. ती म्हणाली, "झालं आई, आता ठीक आहे. सगळे वर आलेत. कपडे बदलले. तू तो मेसेज डिलीट कर." मी हो म्हटलं. तिनं विचारलं, "फोन कुठे होता?" मी म्हटलं, "कपाटात." ती म्हणाली, "बरोबर आहे. मीच सांगितलं होतं." तिला पेशंट बघायचे होते. तिनं फोन ठेवला.

मी मेसेज डिलीट केला नाही. परत लावला. आई असून त्या वेळी मी फोन कपाटात ठेवून गहू निवडत होते, याची मला स्वतःला शिक्षा करायची होती बहुतेक. ते रडणं चालू असतानाच हे अंगणाच्या दारात आले. "काय झालं? कुणाचा आवाज आहे?" मी बंद केलं, पण यांना आवाज ओळखायला वेळ लागला नाही.

"तिचा आहे. दुपारी तिथे काही पडलं. ती ठीक आहे. मी बोललेय."

"तुला फोन केला?"

"पाच वेळा. मी घेतला नाही."

"मग मला का नाही लावला?" हे म्हणाले. "माझा तर दिवसभर चालूच असतो. मला का नाही लावला तिनं?"

मी फोन पदराखाली धरला. हे म्हणाले, "मला पाठव ते. मला ऐकायचंय."

"नको. ऐकवणार नाही तुम्हाला."

"माझी मुलगी आहे. मला पाठव."

यांचा चेहरा बघून मला दया आली, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. थोडी आलीही असेल. पण मला आठवतं ते असं की मला ते शेवटचं वाक्य माहीत होतं. तीन आठवडे मी जे सांगत होते आणि यांच्या कानावर जात नव्हतं, ते त्या एका वाक्यात मुलीच्या आवाजात होतं. मला वाटलं, ऐकू देत एकदा. कळू देत आपली पोर आपल्याला काय समजते ते. मी ते यांना पाठवलं आणि भांडी घासायला गेले.

यांनी ते शेवटपर्यंत ऐकलंच नाही. पहिल्या मिनिटातच यांना ऐकवेना, शब्दही नीट कळेनात, नुसतं तिचं रडणं ऐकू येत होतं, असं यांनी नंतर सांगितलं. तेवढ्यावरच यांनी खाली लिहिलं, "माझी लेक काय सोसते आहे ते ऐका. प्रार्थना करा." आणि घरच्या ग्रुपवर टाकलं.

घरच्या ग्रुपवर वन्सं आहेत, त्यांचे जावई आहेत. ज्या मुलाशी आमच्या मुलीचं लग्न ठरून मोडलं, ते स्थळ आणणारे नात्यातले एक मामाही आहेत. तासाभरानं माझ्या धाकट्या बहिणीचा देवासहून फोन आला. "ताई, हे काय टाकलंय गं ग्रुपवर? काढायला सांग आधी." मी हात न पुसताच आत गेले. हे खुर्चीत बसले होते, फोन मांडीवर. तोवर कुणीतरी यांना विचारलं होतं, तुम्ही शेवट ऐकलात का? आणि यांनी ऐकला होता. यांनी ते ग्रुपवरून काढलं. तिथे आता 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढंच दिसत होतं, आणि ज्यांनी ऐकलं नव्हतं ते विचारत होते, काय होतं, आम्हालाही पाठवा.

संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ झाला. कुणी केला ते आम्हाला कधीच कळलं नाही. तिच्या आवाजामागे कुठल्यातरी निराळ्याच शहरातली आग जोडली होती आणि खाली हिंदीत अक्षरं येत होती. 'उज्जैन की बेटी की आख़िरी पुकार', असं नाव दिलं होतं. आख़िरी म्हटलं की लोक जास्त बघतात. दुसऱ्या दिवशी इथल्याच देवास गेटच्या बाजारात औषधं आणायला गेले तर दुकानातला माणूस कुणाला तरी तेच ऐकवत होता. आपण कुणाच्या आईसमोर उभे आहोत हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं माझ्या गोळ्या मोजून दिल्या आणि परत फोनकडे वळला.

तीन आठवडे मी स्वतःला जपलं होतं, आणि त्या दोन दिवसांत सगळं वाचलं. काढून टाकलेले सगळे प्रकार परत फोनमध्ये घातले आणि त्या व्हिडिओखाली लोकांनी काय लिहिलंय ते ओळ न ओळ वाचलं. पैसा कमाने गई थी, अब रोती है. इसको डायपर भेजो. शादी कर लेती तो ये दिन न आता. बाप को मत बताना, बाप ने दुनिया को बता दिया, आणि त्यापुढे हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं, ओळीनं सहा. काही लोकांनी देव तिचं भलं करो असंही लिहिलं होतं, पण ते मला पाठ नाही. वाईट तेवढं पाठ आहे.

समोरच्या बाई घरी आल्या. "भाभीजी, सुना हमने. बहुत रोना आया." ज्याच्याशी सोयरीक होता होता राहिली, त्या मुलाच्या आईचा सहा वर्षांनी फोन आला. अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मनात काही ठेवू नका. आमचा मुलगा सुखात आहे. तिला सांगा, नशीब असतं एकेकाचं."

मुलीला तो व्हिडिओ तिच्या वॉर्डातल्या एका नर्सनं दाखवला. ती नर्स हिंदी समजणारी होती. तिला वाटलं, मैत्रिणीला सांगायला हवं. सुपरवायझरला कुणीतरी भाषांतर करून सांगितलं. नोकरी गेली नाही. तिला बोलावून समज दिली आणि वॉर्ड बदलला. बाहेर लढाई चालू होती आणि तिला कॅबिनमध्ये बसवून विचारत होते, तुम्ही असं का बोललात.

तिचा फोन आला तेव्हा मी तयारी करून बसले होते, पण ती ओरडली नाही. तिनं विचारलं, "बाबांनी टाकलं ना?"

मी म्हटलं, "हो."

"त्यांना दे फोन."

हे शेजारी बसले होते. यांनी फोन घेतला, कानाला लावला. ती काय बोलली मला ऐकू आलं नाही. हे मधून मधून "हो" म्हणत होते. एकदा म्हणाले, "चुकलं माझं." मग परत "हो." फोन माझ्याकडे दिला तोवर ती गेली होती.

मला वाटलं होतं, हे म्हणतील, तुझ्या आईनं पाठवलं मला. तेवढं म्हणणं सोपं होतं आणि खरं होतं. यांनी ते म्हटलं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. मी रोज वाट बघायची, आज भांडण झालं की हे बोलतील. भांडणच झालं नाही. बाकावर जायचं यांनी बंद केलं. नकाशाचं कॅलेंडर फाडून टाकलं. फोन दिवसभर टेबलावर उलटा पडलेला असायचा. ब्लडप्रेशर उतरलं. डॉक्टर म्हणाले, "देखा, मोबाइल छोड़ा तो कितना फ़र्क़ पड़ा." यांनी मान डोलावली आणि काही समजावून सांगितलं नाही.

लढाई काही आठवड्यांनी थांबली. लोकांच्या फोनमध्ये दुसरं काहीतरी आलं. आमच्या गेटवर कुणी थांबेना.

मुलगी चार महिन्यांनी आली, पाच दिवसांसाठी. बारीक झाली होती. सगळ्यांशी नीट वागली. यांच्यासाठी शर्ट आणला, मला नवा कुकर. वन्सं इंदूरहून भेटायला आल्या तेव्हा तिनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि चहा स्वतः करून दिला. वन्सं तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "किती गं सोसलंस." ती म्हणाली, "आत्या, साखर बरोबर आहे ना?"

यांच्याशी ती जेवताना बोलायची, हवापाण्याचं. हे तिच्या ताटाकडे बघत बसायचे.

शेवटच्या दिवशी दुपारी ती ओट्यापाशी उभी राहून शेवेची पाकिटं टॉवेलात गुंडाळत होती, बॅगेत भरायला. हे औषध आणायला बाहेर गेले होते. मी चार महिने जे वाक्य तोंडात घोळवत होते ते एकदम बोलून टाकलं. "तो मेसेज यांना मी पाठवला होता. यांनी माझ्या फोनमधून घेतला नव्हता."

तिनं पाकीट गुंडाळायचं थांबवलं नाही. "मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं? बाबांनी?"

"त्यांनी कशाला सांगायला हवं? तुझा फोन उघडायचा नंबर त्यांना कुठे माहीत आहे? तो तुला मीच घालून दिलाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी सांगतेस ते बघत होते."

मी स्टुलावर बसले. ती म्हणाली, "का पाठवलंस? मी डिलीट कर म्हटलं होतं."

खोटं सांगता आलं असतं. दया आली म्हणून, असं म्हणता आलं असतं आणि तिनं ते मानलंही असतं कदाचित. मी म्हटलं, "त्यात शेवटी तू त्यांच्याबद्दल म्हटलं होतंस. ते त्यांनी ऐकावं, असं वाटलं मला."

तिनं हातातलं पाकीट खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे मी तिथे जिन्यात बसले होते आणि तुम्ही दोघं इथे भांडत होतात."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं धरू दिला, पण तो हात नुसता माझ्या हातात पडून राहिला. गेट वाजलं. हे आले होते. तिनं टॉवेलाची घडी सारखी केली आणि म्हणाली, "बाबा आले. त्यांना आता काही सांगत बसू नकोस. त्यांचं झालंय तेवढं पुरे." संध्याकाळी इंदूरच्या विमानतळासाठी टॅक्सी आली. यांनी बॅग उचलायला हात पुढे केला, ती म्हणाली, "राहू द्या बाबा, जड आहे," आणि स्वतः उचलून ठेवली.

यांना मी अजून सांगितलेलं नाही की मी तिला सांगितलं. हे मला वाचवत आहेत असं यांना वाटतं, आणि मी यांना तसं वाटू देते. आमच्यात चांगलं म्हणावं असं एवढंच उरलंय, आणि तेही खोटं आहे.

मुलगी आता रोज दोन मेसेज करते, सकाळी आणि संध्याकाळी, एक दिवस चुकवत नाही. लिहून करते. आवाजाचा मेसेज तिनं परत कधी पाठवला नाही. रविवारी फोन करते, तब्येत विचारते, ऊन किती आहे विचारते. गेल्या महिन्यात तिकडे परत काहीतरी पेटल्याची बातमी आली. वन्संचे व्हिडिओ सुरू झाले. मी माझा फोन आता कपाटात ठेवत नाही, उशाशी ठेवते, आवाज पूर्ण मोठा करून. त्या रविवारी मी तिला विचारलं, "घाबरली आहेस का?"

"नाही आई. सगळं ठीक आहे," ती म्हणाली, आणि इकडे गव्हाचा भाव काय आहे ते विचारलं.

तिला कधीच गव्हाशी काही घेणंदेणं नव्हतं. मी भाव सांगितला. ती घाबरली असेल तर ते ती कुणाला तरी सांगत असेल. ते कोण आहे, मला माहीत नाही, आणि ते विचारायचा हक्क माझा राहिलेला नाही.